धुराड्यातून जाणारा पैसा
गूळ, फौंड्री आणि कापड : कोल्हापूर जिल्ह्यातल्या तीन धंद्यांचा हिशेब

दिवाळी पाडव्याला कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात नव्या हंगामाच्या गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. रव्यांची पूजा होते, नारळ फुटतो, पहिल्या गुळाला चढा भाव पुकारला जातो आणि दुसऱ्या दिवशी त्या भावाची बातमी पेपरात येते. गुऱ्हाळमालकाचं वर्ष कसं जाणार, हे या भावावर ठरतं हे खरंच. पण तितकंच ते आणखी एका गोष्टीवर ठरतं, जिचा पुकारा कुठल्याच यार्डात होत नाही. ती गोष्ट म्हणजे चुलाणात गेलेलं जळण.

हिशेब अगदी साधा आहे. एक टन ऊस गाळला की साधारण सहाशे किलो रस निघतो. त्यातून गूळ पडतो शंभर-एकशेवीस किलो. म्हणजे पावणेपाचशे-पाचशे किलो पाणी नुसतं वाफ करून आकाशात सोडायचं. गूळ करणं म्हणजे मुख्यतः पाणी आटवणं. त्यासाठी लागणारं जळण ऊसच देतो. रस काढल्यावर चारशे किलो ओलं चिपाड उरतं, ते उन्हात वाळलं की सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतं. या वाळक्या चिपाडात पाणी आटवायला लागणाऱ्या उष्णतेच्या अडीच पटींहून जास्त उष्णता असते. चुलाणानं तिच्यातली चाळीस टक्के जरी रसापर्यंत पोचवली, तरी बाहेरून काडीही विकत आणायला नको.

तरीही अनेक गुऱ्हाळं जळण विकत आणतात. कुठे लाकूड येतं. कुठे जुने टायर, रबराचे तुकडे आणि चिंध्याही येतात. त्यांचा काळा धूर शिवारभर पसरला की गावात तक्रारी होतात, मग प्रदूषण मंडळाची नोटीस येते. तक्रार करणारा म्हणतो, मालकाला पर्यावरणाची पर्वा नाही. मालक म्हणतो, पर्यावरण बघायला गेलो तर गुऱ्हाळ बंद पडेल. दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की पर्यावरण सांभाळायचं म्हणजे पदरचे पैसे घालायचे.

ते कितपत खरं आहे, हे बघायला कोल्हापूर जिल्ह्यासारखी जागा नाही. आगीवर चालणारे दोन जुने धंदे इथे आहेत, गूळ आणि ओतकाम. पाण्यावर चालणारा एक आहे, इचलकरंजीचं कापड. तिन्हींत छोट्या मालकांची गर्दी आहे, तिन्हींत नफा पैशा-पैशानं मोजला जातो. आणि तिन्हींची उत्तरं सारखी नाहीत.

चुलाणाच्या तोंडाशी

गुऱ्हाळावर पहाटे गेलं तर आधी चरकाचा आवाज येतो आणि मग वास. काहिलीत रस तापायला लागला की मळी वर येते. जंगली भेंडीच्या ठेचलेल्या देठांचं चिकट पाणी त्यात घातलं की ती गोळा होते आणि झाऱ्यानं काढून टाकता येते. पुढचा सगळा खेळ आचेचा. गुळव्या काहिलीच्या काठावर उभा राहून फेसाचा रंग बघतो, पाक पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो आणि खाली चुलाणाशी बसलेल्या गड्याला ओरडतो, “जाळ कमी कर रं!” वरच्या माणसाची नजर आणि खालच्याचा हात यांचा मेळ बसला तर आदण नीट उतरतं. बसला नाही तर गूळ करपतो, नाहीतर मऊ पडतो.

त्या खालच्या हातात किती पैसे असतात, हे त्यानं चिपाडाची पेंढी आत ढकलली की कळतं. पेंढी खडखडीत वाळलेली असेल तर भप्पकन पेटते. अवकाळी पावसानं चिपाड भिजलेलं असेल तर आधी ते धुमसतं, कारण आगीला त्यातलंच पाणी आधी उकळावं लागतं. म्हणजे एकाच आदणात दोनदा पाणी आटवायचं, एकदा रसातलं आणि एकदा जळणातलं. अशा वेळी धुराड्यातून काळा लोट निघतो. काळा धूर म्हणजे न जळता निघून गेलेलं जळण. मालकानं त्यासाठी मजुरी मोजलेली असते, ते वाळवायला जागा अडवलेली असते. तो पैसा डोळ्यांदेखत वर जात असतो.

उपाय अगदी साधे आहेत. वाळलेल्या चिपाडावर पत्र्याचं छप्पर हवं. चुलाणात लोखंडी जाळी हवी, म्हणजे राख खाली पडते आणि हवा खालून वर येते. हवेचं तोंड कमी-जास्त करायला झडप हवी. एका काहिलीमागे दुसरी काहील बसवली की धुराड्याकडे निघालेली गरम हवा पुढच्या आदणाचा रस आधीच तापवून ठेवते. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेत काहिलीच्या बुडाला उभ्या धातूच्या पट्ट्या जोडून प्रयोग झाला. ज्वाळेला टेकणारं अंग वाढलं आणि जळण सुमारे तीस टक्क्यांनी वाचलं. यातलं काहीही परदेशातून आणायचं नाही. गावचा फॅब्रिकेशनवाला आणि गवंडी मिळून करू शकतात. वाचलेलं चिपाड शेतात आच्छादनाला जातं किंवा विकलं जातं. विकत आणायच्या लाकडाचा खर्च पहिल्याच हंगामात कमी होतो.

आता दुसरी वाट बघू. ‘पर्यावरणपूरक’ म्हटलं की लोकांना आधी तीच सुचते : रसायनमुक्त गूळ करा, पाकिटावर तसं लिहा आणि चढ्या भावानं विका. यार्डात वर्षानुवर्षं पिवळ्याधमक गुळाला मान आहे. कोल्हापुरी गुळाचं मोठं गिऱ्हाईक गुजरात, आणि तिथे रंग बघून भाव होतो. म्हणून रंग उजळायला हायड्रॉस हे रसायन वापरण्याची सवय लागली. हायड्रॉस न घातलेला गूळ तपकिरी दिसतो आणि सौद्यात मागे पडतो. तोच गूळ एक किलोच्या खोक्यात, काकवी बाटलीत, पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला थेट विकला तर चांगला भाव मिळतो. हे करणारे आहेत आणि त्यांचं बरं चाललंय.

पण या वाटेवर एक खड्डा आहे. चढा भाव मिळतो आहे म्हटलं की शेजारी तसंच पाकीट छापतो. ‘सेंद्रिय’ म्हणायला प्रमाणपत्र लागतं, ‘नैसर्गिक’ म्हणायला नुसता छापखाना पुरतो. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी दुसरीकडचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो ही ओरड थांबलेली नाही. लेबलाचा नफा गिऱ्हाइकाच्या विश्वासावर उभा असतो आणि तो विश्वास फोडणारा माणूस भलताच असू शकतो. जळणातली बचत मात्र कुणी चोरून नेत नाही. ती मालकाच्याच वहीत राहते. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी चुलाण, मग पाकीट.

वाळूची फेरी

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत मिळून तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत. उद्यमनगरात शेतीपंपांची ऑइल इंजिनं बनायची त्या काळापासूनची ही परंपरा. आज इथली कास्टिंग मोटारी, ट्रॅक्टर, पंप आणि व्हॉल्व्हच्या कारखान्यांत जातात.

फौंड्री म्हणजे लोखंड, असं बाहेरच्याला वाटतं. आत गेलं की दिसते ती वाळू. एक टन कास्टिंग ओतायला साच्यात चार-पाच टन वाळू लागते. सिलिका वाळू कोकणातून, सिंधुदुर्गातल्या कासार्डे परिसरातून ट्रकनं घाट चढून येते. म्हणजे तिकडे खाणीनं डोंगर पोखरायचा, डिझेल जाळून घाट चढवायचा, इथे साच्यात एकदा वापरायची आणि मग जळकी काळी वाळू रस्त्याकडेला नाहीतर पडक्या खाणीत टाकायची. कित्येक वर्षं हेच चाललं. वाळू स्वस्त होती आणि टाकायला जागा होती, तोवर कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

मग दोन्ही बाजूंनी चिमटा बसला. वाळू महागली, वाहतूक महागली आणि टाकायला कुणी जागा देईना. वास्तविक वाळूचा कण एका ओतकामानं मरत नाही. त्याच्यावर चिकणमातीचं, कोळशाच्या भुकटीचं किंवा रेझिनचं पुट चढलेलं असतं, तेवढं काढलं की झालं. कण एकमेकांवर घासून ते काढता येतं, किंवा सहा-सातशे अंशांना भाजून रेझिन जाळून टाकता येतं. यंत्र मात्र महागडं, एकट्या छोट्या फौंड्रीला न झेपणारं. म्हणून कोल्हापूर फौंड्री अँड इंजिनिअरिंग क्लस्टरच्या माध्यमातून वाळू पुन्हा वापरात आणण्याचा सामायिक प्रकल्प उभा राहिला. ज्या छोट्या मालकाला यंत्र परवडत नाही, त्याला यंत्राची सेवा परवडते. लघुउद्योगाच्या बाबतीत हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे : पर्यावरणाची बहुतेक यंत्रं त्याच्या मापाची नसतात, त्याच्या गल्लीच्या मापाची असतात.

भट्टीची गोष्ट गुऱ्हाळासारखीच आहे. जुन्या क्युपोला भट्टीत कोक जळतो आणि त्यातला बराच कार्बन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो. अर्धवट जळालेला कार्बन पूर्ण जळण्याच्या जेमतेम अठ्ठावीस टक्के उष्णता देतो. बाकीची बहात्तर टक्के त्या वायूच्या पोटात धुराड्यातून बाहेर पडते. दिल्लीच्या टेरी या संस्थेनं 1998मध्ये हावड्यात हवा दोन थरांत सोडणारी क्युपोला उभी केली. वरच्या थरातल्या हवेनं तो वायू भट्टीतच जळू लागला आणि कोकचा खर्च तिसऱ्या हिश्शानं घटला. हावडा आणि कोल्हापूर ही ओतकामाची जुनी भावंडं, पण कोल्हापुरात आता बहुतेकांनी विजेच्या इंडक्शन भट्ट्या घेतल्या आहेत. तिथे धूर दिसत नाही, त्यामुळे नासाडीही दिसत नाही. ती विजेच्या बिलात लपते.

एक टन लोखंड वितळवून दीड हजार अंशांपर्यंत न्यायला शास्त्राच्या हिशेबानं चारशे युनिटं पुरावीत. प्रत्यक्षात साडेपाचशे लागतात, सहाशे लागतात, कुठे त्याहूनही जास्त. वरची युनिटं जातात कुठे? भट्टीचं झाकण उघडं राहतं आणि लालभडक धातूची उष्णता छताला लागते. लोखंड तयार असतं, पण साचे तयार नसतात, म्हणून ते नुसतं तापत ठेवावं लागतं. परत वितळवायला आणलेल्या रनर-रायझरना, म्हणजे साच्यातल्या वाटांत गोठलेल्या लोखंडाला, वाळू चिकटलेली असते, ती झटकलेली नसते. मग विजेवर वाळूही वितळते, तिचा मळ वर येतो आणि तो काढायला पुन्हा झाकण उघडावं लागतं.

सगळ्यात मोठी नासाडी मात्र रिजेक्शनची, म्हणजे नापास होणाऱ्या कास्टिंगची. समजा, एखादी फौंड्री महिन्याला शंभर टन कास्टिंग काढते आणि तिचं रिजेक्शन आठ टक्क्यांवरून पाचवर आलं. तीन टन वाचले. वितळवलेल्या धातूपैकी साठ टक्केच कास्टिंगमध्ये जातो असं धरलं तर हे पाच टन वितळवणं वाचलं, म्हणजे टनाला सहाशे युनिटांच्या हिशेबानं तीन हजार युनिटं. आठ रुपये दरानं महिन्याला चोवीस हजार रुपये, आणि तेही निव्वळ विजेचे. वाळू, रेझिन, मजुरी आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या वेगळ्या. कुठल्याही हरित योजनेच्या माहितीपत्रकात रिजेक्शनचं नाव पहिल्या पानावर नसतं, पण फौंड्रीत त्याहून हिरवं काम दुसरं नाही.

असंच दुर्लक्षित काम म्हणजे हवेची गळती. कॉम्प्रेसरच्या लाइनीला तीन मिलिमीटरचं एक भोक असलं की सात बार दाबाला सुमारे तीन किलोवॉट वीज नुसती फुसफुसत जाते. एका पाळीत चोवीस युनिटं, तीनशे दिवसांत सात हजार दोनशे. आठ रुपयांनी सत्तावन्न हजारांच्या पुढे. भोक बुजवायला लागतो एक क्लॅम्प आणि रविवारची दुपार, जेव्हा यंत्रं बंद असतात आणि फुसफुस कानाला ऐकू येते. छतावरच्या सौर पॅनेलचे विक्रेते कारखान्यात आले की मालक आधी पॅनेलचं गणित मांडतो. पॅनेल जरूर घ्यावीत, पण गळती बुजवल्यानंतर. नाहीतर उन्हाची वीजही त्याच भोकातून जाते.

नदीकाठी पाणी नाही

इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. संस्थानिक नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी पाठबळ दिलं आणि गावाचं नशीब पालटलं. आज तिथे माग आहेत, सायझिंग आहेत आणि कापड धुऊन, ब्लीच करून, रंगवून देणारे प्रोसेस कारखाने आहेत. गाव पंचगंगेच्या काठावर आहे आणि पिण्याचं पाणी मजरेवाडीहून कृष्णेचं आणावं लागतं. पंचगंगेत कोल्हापूर शहराचं मैलापाणी येतं, गावागावांचं सांडपाणी येतं, कारखान्यांचं येतं. 2012च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसं दगावली. तिला दूषित पिण्याचं पाणी कारणीभूत ठरलं. कुणाचा वाटा किती यावर वाद होत राहतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या नाल्याकडे बोट दाखवतो.

इथे गुऱ्हाळाचं आणि फौंड्रीचं गणित निम्मंच लागू पडतं. प्रोसेसवाल्यानं बॉयलरची वाफ थिजून झालेलं गरम पाणी परत बॉयलरला दिलं, तर कोळसा वाचतो. मर्सरायझिंगमधलं कॉस्टिक आटवून पुन्हा वापरलं, तर कॉस्टिक वाचतं. गरम सांडपाण्याच्या उष्णतेवर ताजं पाणी तापवलं, तरी जळण वाचतं. या सगळ्या विकत घेतलेल्या वस्तू आहेत, म्हणून त्या वाचवणं परवडतं, आणि जाणते कारखानदार त्या वाचवतातही.

पण शेवटचं रंगीत, खारट पाणी स्वच्छ करण्यातून मालकाला काहीच मिळत नाही. नदी त्यानं विकत घेतलेली नाही आणि घाण केल्याचं बिल त्याला येत नाही. स्वच्छ करायचा खर्च मात्र त्याच्याच खिशातून. कापडाच्या धंद्यात मजुरीचे दर पिकाला (आडव्या धाग्याला) आणि मीटरला पैशांत ठरतात. ज्यानं पाणी साफ केलं त्याचा दर मीटरला काही पैशांनी चढतो आणि ऑर्डर शेजाऱ्याकडे जाते, ज्यानं रात्री व्हॉल्व्ह उघडला. अशा ठिकाणी मालकाला पर्यावरणप्रेमाचं व्याख्यान देणं म्हणजे प्रामाणिक माणसाला आधी मारणं. तिथे एकच गोष्ट चालते : सगळ्यांना एकाच दिवशी एकच नियम.

तमिळनाडूतल्या तिरुपूरनं हे सोसून दाखवलं आहे. तिथल्या रंगाई कारखान्यांनी नोय्यल नदी इतकी नासवली, की शेतीसाठी बांधलेलं ओरथुपालयम धरण सांडपाण्याचं तळं झालं. न्यायालयानं मुदती दिल्या, त्या पाळल्या गेल्या नाहीत. अखेर 28 जानेवारी 2011 रोजी मद्रास उच्च न्यायालयानं सातशेच्या वर रंगाई कारखाने एका आदेशानं बंद केले. गावाचा श्वास अडकला. कामगार घरी बसले, काहींनी रंगाई दुसऱ्या गावांना हलवली, म्हणजे घाण तिकडे गेली. पण पुढे राज्य सरकारनं बिनव्याजी कर्ज दिलं, सामायिक प्रक्रिया केंद्रं सुधारली आणि सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर कारखाने पुन्हा सुरू झाले. पाणी गाळून परत रंगाईला जाऊ लागलं, मिठाचं पाणीही पुन्हा वापरात आलं. खर्च वाढला, पण सगळ्यांचा वाढला, म्हणून तो दरात धरता आला. निर्यात बुडाली नाही. आज परदेशी गिऱ्हाइकाला तिरुपूर तीच गोष्ट अभिमानानं सांगतं.

आधी काय, मग काय

तीन धंदे शेजारी ठेवले की एक रेघ स्पष्ट दिसते. जे विकत घेतलं आणि वाया गेलं, ते वाचवण्यात नफा आहे. तिथे मालकाला उपदेश नको, मोजमाप हवं. जे फुकट मिळालं आणि दुसऱ्याच्या दारात टाकलं, ते आवरण्यात एकट्याला नफा नाही. तिथे सामायिक यंत्रणा आणि सगळ्यांवर सारखा कायदा हवा. या दोन गोष्टींची गल्लत झाली की एकीकडे फुकटची बचत हातची जाते आणि दुसरीकडे नदी मरते.

पहिल्या कामाला सुरुवात करायला सल्लागार लागत नाही. वजनकाटा आणि वही लागते. गुऱ्हाळात किलो गुळामागे किती किलो जळण, फौंड्रीत टनामागे किती युनिटं आणि किती नवी वाळू, प्रोसेसमध्ये मीटरमागे किती लिटर पाणी, असा एकेक आकडा रोज भिंतीवर खडूनं लिहिला तरी महिनाभरात नासाडी कुठे आहे ते कळतं. मग बिनखर्ची दुरुस्त्या, मग एका हंगामात वसूल होणाऱ्या आणि सर्वांत शेवटी कर्ज काढून करायच्या.

सरकारी मदतही आहे. केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाची ‘झेड’ (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) प्रमाणपत्र योजना 2022मध्ये नव्यानं सुरू झाली. कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा तिच्या पायऱ्या आहेत. प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला 80 टक्के, लघुउद्योगाला 60 टक्के आणि मध्यम उद्योगाला 50 टक्के सवलत मिळते. मदतीबरोबर बाहेरून दबावही येतो आहे : युरोपनं लोखंड-पोलादाच्या ठरावीक आयातीवर कार्बनचा आकार लावला आहे. 2023च्या ऑक्टोबरपासून नुसती माहिती द्यावी लागे, 2026पासून आकारणी लागू झाली. आज ना उद्या मोठ्या कंपन्या आपल्या छोट्या पुरवठादारालाही विचारणार, तुझ्या एका कास्टिंगमागे किती वीज जाते? ज्याच्या भिंतीवर खडूचा आकडा आहे, त्याचं उत्तर तयार असेल.

या सगळ्यात एक अडचण मात्र कुठल्याच माहितीपत्रकात नसते. छपराला, जाळीला, झाकणाला, क्लॅम्पला लागणारे पैसे वर्षाच्या आत वसूल होतात हे बहुतेक मालकांना ठाऊक आहे. पण ते पैसे हातात नसतात, कारण त्यांचीच बिलं मोठ्या गिऱ्हाइकाकडे अडकलेली असतात. खेळत्या भांडवलावर व्याज भरणारा माणूस सहा महिन्यांनी वसूल होणारी दुरुस्तीही पुढे ढकलतो. 2006च्या लघुउद्योग विकास कायद्यानं सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत देणं बंधनकारक केलं आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. तरी हे व्याज मागायला कुणी धजावत नाही, कारण मागितलं की पुढची ऑर्डर जाते. 2024च्या एप्रिलपासून आयकराच्या नियमातही बदल झाला. मुदतीत न दिलेल्या बिलाची वजावट आता देणाऱ्याला ते प्रत्यक्ष दिलं त्या वर्षीच मिळते.

मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालात हिरव्या रंगाची पानं असतात आणि त्यावर आपल्या पुरवठादारांनाही पर्यावरणपूरक करण्याचे संकल्प असतात. त्यासाठी कार्यशाळा होतात, प्रश्नावल्या येतात, सत्कार होतात. शिरोलीच्या फौंड्रीवाल्याला यातलं काही नको आहे. त्याचं बिल पंचेचाळिसाव्या दिवशी मिळालं, तर भट्टीचं झाकण तो स्वतःच बसवून घेईल.